साडेदहाला उघडलेलं झाकण

सई आणि नील,

परवा फोनवर नीलने मला विचारलं, "आजी, तू बाबाची बिअर मारून टाकली होतीस, इज दॅट ट्रू?" मागून तुमच्या बाबाचं हसणं ऐकू आलं. मग कळलं की पुढच्या महिन्यात सईला एकवीस पूर्ण होतील म्हणून त्याने गॅरेजमध्ये नवी बिअर लावली आहे, आणि ती लावताना तुम्हाला जुनी गोष्ट सांगितली आहे. आजीने झाकण उघडलं आणि सगळी बॅच गेली. गोष्ट खरी आहे. पण तुमच्या बाबाला कुठलीही गोष्ट हसण्याजोगी करून सांगायची सवय आहे, आणि तसं करताना तो त्यातून स्वतःचा भाग गाळतो आणि माझाही गाळतो. माझा भाग शोभणारा नाही. म्हणूनच तो मीच लिहिलेला बरा.

मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवेल. इंग्रजी मला अडत नाही. मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे चौतीस वर्षं, आधी नर्स आणि मग मेट्रन म्हणून, हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट इंग्रजीतच लिहिले. पण संशय घेताना माझं डोकं मराठीत चालतं, आणि ही सगळी संशयाचीच हकीकत आहे.

२००४ सालचा शरद. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पोचले, तुमच्या आईच्या, शर्वरीच्या बाळंतपणासाठी. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याचं घर कुलूप लावून, मीटरचा आकडा लिहून, किल्ली शेजारी देऊन निघाले. परतीचं तिकीट जानेवारीचं होतं. मधले चार महिने मला बाळाची आणि बाळंतिणीची व्यवस्था पाहायची होती, आणि मनातल्या मनात आणखी एक गोष्ट पाहायची होती. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी मी जावयाला मोजून अकरा दिवस पाहिलेलं होतं.

कुठल्याही घरात शिरले की मी आधी वास घेते. वॉर्डात तीच सवय होती. पेशंटचा चार्ट वाचण्याआधी खोलीचा वास बरंच सांगून जातो. त्या भाड्याच्या घरात ओल्या गालिच्याचा वास होता, शिळ्या फोडणीचा होता, नव्या पाळण्याच्या व्हार्निशचा होता, आणि या सगळ्याखाली, तळघराच्या दाराशी, काहीतरी आंबूसगोड होतं. शर्वरी म्हणाली, "अगं, लाँड्री खाली आहे ना, म्हणून." लाँड्रीला असा वास येत नाही.

माझे वडील प्यायचे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. तुमच्या आईलाही ते मी त्या वर्षापर्यंत सांगितलेलं नव्हतं. ते शाळा तपासनीस होते, गावात मान होता, टोपी कधी वाकडी नसायची. पण आम्हा भावंडांना खुणा पाठ होत्या. बाहेरून आले की कोणाशी न बोलता आधी मागच्या खोलीत जायचे. तिथून बाहेर येताना तोंडात वेलदोडा असायचा. आणि मग ते आमच्याशी फार गोड बोलायचे. गोड बोलणं सुरू झालं की आई आम्हाला अंगणात पाठवायची. पुढे काय व्हायचं ते लिहायची गरज नाही. आईला जायला जागा नव्हती. माहेर तुटलेलं, हातात नोकरी नाही. माझ्या मुलीला जागा असेल, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मुलगी होईल की नाही हेही माहीत नव्हतं त्या वयात.

आणि आता हा मंदार, तुमचा बाबा. विद्यापीठातल्या लॅबमध्ये संशोधन करायचा, सायकलने जायचा-यायचा. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की बूटही न काढता थेट तळघरात. दहा मिनिटांनी वर यायचा. तोंडात मिंट. "काय आई, चहा टाकू? आज काय काय केलंत?" आवाज लोण्यासारखा.

तिन्ही खुणा. पहिल्याच आठवड्यात.

एका रविवारी त्याने सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या साखरभाताच्या तिप्पट मोठं पातेलं शेगडीवर चढलं आणि घरभर गुऱ्हाळाचा वास पसरला. अगदी तोच, काहिलीत रस आटताना येतो तो. मी लहानपणी आजोळी ज्या वासामागे धावत गेले असेन, तो वास मिशिगनमध्ये दारूच्या पातेल्यातून यावा याचा मला राग आला. त्याने त्यात हिरव्या गोळ्या टाकल्या, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या, आणि वास पालटला. ईडलिंबूची साल, कैरीचा चीक, चुरडलेला पाला, असं काहीतरी एकदम. वास वाईट नव्हता. पण पाल्याच्या वासाशी माझा हॉस्पिटलात जुना परिचय होता. कैद्यांच्या वॉर्डात गाद्यांखाली असला पाला सापडायचा.

दुपारी मी फ्रीझर उघडला. माझ्या किसलेल्या नारळाशेजारी तीन चंदेरी पाकिटं होती.

"शर्वरी, हे काय आहे?"

"हॉप्स आहेत. मंदारचे."

"कसलं झाड ते?"

"वेल असतो. बिअरमध्ये घालतात, वासासाठी."

"वासासाठी आपण कोथिंबीरही घालतो. ती कोणी चांदीच्या पाकिटात सील करून ठेवत नाही."

"आई, यू आर इम्पॉसिबल. हॉबी आहे गं त्याची. कोणी पेंटिंग करतं, हा बिअर करतो."

हॉबी. माझे वडील त्याला औषध म्हणायचे.

जवाच्या त्या गोड रसात यीस्ट घालून मंदारने तो पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणबंद बादलीत भरला. बादली तळघरात, पाण्याच्या टबात ठेवली, वर ओला टॉवेल गुंडाळला. झाकणातून एक वाकडी नळी वर आलेली, अर्धी पाण्याने भरलेली. आतला वायू तिच्यातून बुडबुडत बाहेर यायचा आणि बाहेरची हवा आत जायची नाही. दुसऱ्या दिवशी ती नळी बोलू लागली. डबक, डबक, डबक. कपडे वाळवायला खाली गेले की मी घड्याळ लावून मोजायची. मिनिटाला अठ्ठेचाळीस. कोणाची नाडी असती तर मी डॉक्टरांना बोलावलं असतं.

त्याचं त्या बादलीकडे लक्ष असं होतं की मला बघवायचं नाही. सकाळी लॅबला जाण्याआधी आणि आल्याबरोबर तो टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलायचा. गरम झाली की चव बिघडते, अठरा-एकोणीस डिग्रीच्या वर जाऊ द्यायची नाही, असं त्याने मी न विचारता समजावलं. बादलीला हाताची पालथी बाजू लावून बघायचा, मुलाचा ताप बघावा तसा. शर्वरीचे पाय तेव्हा सुजलेले होते. त्या बायकोच्या पायांना हा माणूस कधी हात लावतो का, असं मी वहीत लिहिलं आहे. तो रोज झोपण्यापूर्वी तिचे पाय चेपायचा हे मला ठाऊक होतं. ते मी लिहिलेलं नाही. माझ्या वहीत एकाच बाजूच्या नोंदी होत्या.

वही मी वॉर्डासारखीच आखली होती. तारीख, वेळ, निरीक्षण, सही. सहीची तिथे काही गरज नव्हती, पण सहीशिवाय ओळ पुरी झाल्यासारखं वाटत नाही.

संशय माझा साधा होता. हा माणूस रोज दहा मिनिटं खाली जातो आणि त्या बादलीतून पितो. आता ते सिद्ध करायचं तर पातळी मोजायला हवी. पेशंटला किती पाजलं आणि किती बाहेर आलं याचा हिशेब आम्ही चोवीस तास ठेवायचो, ही तर एक बादली होती. सकाळी मंदार गेला, शर्वरी आडवी झाली, की साडेदहाला मी स्टीलची फूटपट्टी दहा मिनिटं उकळायची, स्वच्छ फडक्यात धरून खाली न्यायची, झाकणाची एक कड उचलायची, पट्टी उभी बुडवायची आणि आकडा लिहायची. जंतूंच्या बाबतीत माझी चूक कोणी काढू शकलं नसतं.

पहिल्या दोन दिवसांत वर जाड पिवळट फेस होता, पातळी चढलेली. पाचव्या दिवशी ती दोन बोटं खाली आली. मी पट्टी पुन्हा बुडवली. दोन बोटं. त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही.

त्याच शनिवारी घरी गणपती बसले, दीड दिवसाचे. जेवणाच्या टेबलावर मखर, आणि बरोबर त्याच्या खाली, तळघरात, ती बादली. आरतीत दोन कडव्यांच्या मध्ये श्वास घ्यायला सगळे थांबले की खालून ऐकू यायचं: डबक. मंदारचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्याने टाळ जोरात वाजवायला घेतले. आरतीला डॉक्टर सबनीस आले होते, भूल देणारे डॉक्टर, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, आता निवृत्त. सगळे त्यांना काका म्हणायचे. मोदक खाता खाता मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं.

"अहो मेट्रन, मुलगा गुणी आहे," ते म्हणाले. "त्याच्या बिअरपेक्षा माझं खोकल्याचं औषध कडक असेल."

"तुम्ही घेता का?"

"खोकल्याचं?"

"बिअर."

"आता त्याने प्रेमाने दिली तर नाही कसं म्हणणार?"

म्हणजे साक्षीदारही कामाचा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली तिने माझी खात्रीच पटवली. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी टॉवेल आणायला खाली गेले तर मंदार बादलीच्या तळाच्या तोटीपाशी उभा, हातात काचेची उंच नळी, आणि नळीतलं तो पीत होता. उभ्याने. लॅबला निघायच्या आधी.

"आई, सॅम्पल आहे," तो म्हणाला. दुसऱ्या हातात काचेचा एक दांडा होता, नळीत तरंगवायचा, वर आकडे. तो मी ओळखला. लघवीची घनता तपासायला आम्ही अगदी तसाच वापरायचो. मी तसं त्याला सांगितलं. तो हातातल्या नळीकडे बघून म्हणाला, "यापुढे मला हे विसरता येणार नाही." साखर किती उरली ते त्यावरून कळतं, तपासून झालं की ते परत ओतत नाहीत, चाखून बघतात, असं त्याने सांगितलं. सकाळी आठ वाजता चाखून बघणाऱ्या माणसांची मला चांगली माहिती होती. मी टॉवेल घेऊन वर आले आणि ओळ लिहिली, सही केली.

आता इथे साताऱ्यात भाद्रपद उतरतो आहे. सकाळी अंगणात दव असतं. ओट्यावर इडलीचं पीठ आंबायला ठेवलं की आजही माझा हात दर दोन तासांनी झाकणाकडे जातो. आपल्याकडे झाकणं उघडायचीच असतात. लोणच्याची बरणी रोज उघडून तळापासून हलवली नाही तर वर बुरशी धरते. विरजण लागलं का ते बोट लावून बघतात. आंबणाऱ्या पदार्थाकडे रोज बघावं, त्याला हलवावं, हे आईने शिकवलं होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात जेव्हा मंदारने त्या बादलीत पुन्हा मूठभर हॉप्स टाकले आणि दुसऱ्या दिवशी झाकण उचलल्यावर मला वर हिरवा चोथा तरंगताना दिसला, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. ज्या गोष्टीवर माझा इतका राग होता तिलाही बुरशी लागू नये असं वाटलं. मी पट्टीने तो चोथा खाली ढकलला आणि तळापासून चांगले दोन वळसे दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले. त्या दिवसांत बादलीतून जो वास यायचा तो खरंच सुरेख होता. संत्र्याची साल नखाने टोचावी तसा. तोही मी लिहून ठेवला, कारण न लिहिणं अप्रामाणिक झालं असतं.

सतराव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, त्याने सगळं बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर जाईल असा पाक आधी मिसळला, पत्र्याची झाकणं दाबून बसवली. आता तीन आठवडे बाटलीतच मुरायचं, मग गॅस धरतो, असं म्हणाला. मुरणं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला जरा चमत्कारिक वाटलं.

मध्ये सई, तू आलीस. बाहेर मेपलची पानं लाल होऊन गळत होती, आणि घरात दुधाचा, शेपाच्या धुरीचा, कोवळ्या कातडीचा वास होता. तेवढे दिवस माझ्या वहीत मंदारबद्दल एकही ओळ नाही, कारण तू किती वेळा प्यालीस, किती वेळा ओली केलीस यानेच पानं भरली. पण बाराव्या दिवशी, तुझं नाव ठेवून झालं आणि पाहुणे गेले, तेव्हा मी शर्वरीला म्हटलं, "बाळाचा पासपोर्ट करून घे."

"इतक्यात कशाला?"

"असू दे. जानेवारीत तूही चल. वर्षभर राहा."

ती तुला थोपटत होती. थोपटणारा हात थांबला. "मंदारला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं?"

"आई, दोघांच्या सह्या लागतात फॉर्मवर."

फॉर्म आला. मी माझ्या हाताने शर्वरीचा भाग भरून घेतला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला. मंदारच्या सहीची जागा मोकळी होती. घरातली तिन्ही मोठी माणसं दिवसातून दहादा फ्रिज उघडत होती आणि त्या कागदाबद्दल कोणीही अवाक्षर काढत नव्हतं. मला एवढंच ठरवायचं होतं: या माणसाजवळ मुलीला आणि नातीला ठेवून मी विमानात बसू शकते की नाही. पुरावा सगळा एका बाजूला होता. फक्त माझी झोप दुसऱ्या बाजूला होती. वडिलांच्या घरात मी कधी शांत झोपले नव्हते आणि या घरात झोपत होते. पण झोपेची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला कळत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी मी तळघरात दुपट्यांच्या घड्या घालत होते. मंदार फडताळापाशी बसून पहिली बाटली उघडत होता. त्याने ग्लासात ओतली. रंग मला थंडगार झालेल्या चहासारखा दिसला. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. मग ग्लास घेऊन माझ्याकडे आला.

"आई, जरा वास घ्या. तुमचं नाक चांगलं आहे."

मी घेतला. संत्र्याची साल कुठेच नव्हती. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास होता.

"काही नाही उरलं ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने सगळी खोकी धुण्याच्या मोरीपाशी ओढली आणि एकेक बाटली उघडून ओतायला सुरुवात केली. मी घड्या घालत मोजत होते. अठ्ठेचाळीस. त्यातून त्याने प्यायलेले घोट तीन. माझ्या वडिलांची एकदा प्रवासात ट्रंकेत बाटली फुटली होती. त्यांनी धोतराच्या सोग्यातून, काचा गाळून, ती दारू वाटीत पिळून घेतली आणि ते प्यायले. मी तेव्हा आठ वर्षांची होते, कंदील धरून उभी होते. पिणारा माणूस ओतून देत नाही. हे मला वाचून कळलेलं नव्हतं.

"नळीतून हवा गेली असेल," तो स्वतःशीच बोलत होता. "किंवा झाकणं नीट बसली नसतील. कुठेतरी हवा लागलीय."

"हवा लागली की असं होतं?"

"हॉप्सचं सगळं हवेनेच जातं, आई. म्हणून तर एकदा लावली की विनाकारण उघडायची नसते."

मी हातातलं दुपटं खाली ठेवलं. "मी उघडत होते."

"काय?"

"बादली. सकाळी साडेदहाला."

त्याने नळ बंद केला. "किती दिवस?"

"सतरा दिवसांत तेरा वेळा. शनिवार-रविवार नाही, तेव्हा तुम्ही घरी असायचात. पातळी मोजत होते. शेवटी शेवटी ढवळलीही."

"ढवळली," तो म्हणाला. मग, "पट्टी स्वच्छ होती?"

"दहा मिनिटं उकळलेली."

"मग इन्फेक्शन नाही," असं तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याला खरा प्रश्न सुचला. "पण का?"

"तुम्ही किती पिता ते बघायला."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. वही मागितली. मी वर जाऊन आणली, कारण नोंद करायची आणि ज्याची केली त्याला दाखवायची नाही, असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं. त्याने पहिल्यापासून वाचली. फेस बसला की पातळी खाली येतेच, हे त्याने मध्येच एकदा मान वर न करता सांगितलं. मग तो त्याच्या स्वतःच्या ओळींवर आला. ८.१०, उभ्याने प्यायले. ५.५०, आल्यावर थेट खाली, तोंडात मिंट. ५.५५, गोड बोलले.

"मिंटचं काय?" त्याने विचारलं.

तेव्हा मी त्याला वेलदोड्याचं सांगितलं, मागच्या खोलीचं सांगितलं, ट्रंकेचंही सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं ते त्याला, माझ्या मुलीच्या आधी. त्याने ऐकून घेतलं. "मिंट मी सिगरेट सोडल्यापासून खातो," तो म्हणाला. "शर्वरीला दिवस राहिले तेव्हापासून. तिला माहीत आहे."

म्हणजे सिगरेटही ओढत होता. हे मी लगेच मनात टिपलं, तुमच्यापासून काय लपवायचं.

तो उठून वर गेला. मला वाटलं रागावून गेला, आणि रागावला असता तर ते रास्त होतं. दोन मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या हातात फ्रिजवरचा फॉर्म होता. मोकळी जागा भरलेली होती.

"दोन आठवडे रोज बघतोय मी हा," तो म्हणाला. आवाजात लोणी अजिबात नव्हतं. "न्यायचं असेल तर न्या, आई. मी अडवणार नाही. फक्त शर्वरीला विचारा. मला नका विचारू, तिला विचारा."

माझ्या आईला असा कागद कोणी दिला नाही. मी तो हातात धरून त्या मोरीपाशी किती वेळ उभी होते ते वहीत नाही.

संध्याकाळी शर्वरी तुला पाजत बसली होती. मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, माझ्या वडिलांपासून सगळं. तिने तुला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, "मी कुठेही जाणार नाहीये. पण पासपोर्ट करू या. असू दे." मंदार दारात उभा होता. त्यानेही मान हलवली. असू दे.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने पुन्हा पातेलं चढवलं. या वेळी बादलीऐवजी काचेचा मोठा बुधला आणला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हा घ्या मेट्रन. बाहेरून दिसतं सगळं. उघडायचं काम नाही." मी बाहेरून पट्टी चिकटवली आणि रोज दोनदा आकडा लिहिला, उजेड लागू नये म्हणून वरची काळी चादर तेवढीच वर करून. फेस चढला, फेस बसला. पातळी दोन बोटं खाली आली आणि तिथे थांबली. बाटल्या भरल्या, मुरायला ठेवल्या, आणि त्या उघडायच्या आधीच माझी निघायची वेळ आली. ती चांगली झाली, असं त्याने पुढे फोनवर सांगितलं. सबनीसकाकांनीही दुजोरा दिला, पण त्यांच्या साक्षीबद्दल माझं मत मी वर लिहिलंच आहे.

जानेवारीत, गुडघाभर बर्फात, मी एकटीच निघाले.

पुढच्या कितीतरी वर्षांत मी त्या मोरीपाशी परत परत जाऊन उभी राहिले आहे. अठ्ठेचाळीस बाटल्या त्याने ओतल्या त्या मी समोर उभी होते म्हणून ओतल्या का? मी वर असते तर चार-सहा ठेवल्या असत्या का? सही त्याने मोठ्या मनाने केली, की शर्वरी जाणार नाही याची त्याला खात्री होती म्हणून केली? नील, तुला हे ऐकून वाईट वाटेल, तो तुझा बाबा आहे. पण मी असा विचार करणं थांबवू शकले नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात कंदील दिला की तो पुढे खाली ठेवता येत नाही. मी एवढंच शिकले की संशय आला तरी झाकण उघडायला जायचं नाही. समोरच्या माणसाला विचारायचं.

त्या मोसमातलं आता फार काही उरलेलं नाही. घर दुसऱ्या कोणाचं आहे, सबनीसकाका गेले, तुमचा बाबा ॲन आर्बरहून फ्रीमाँटला गेला त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. उरलं आहे ते इतकंच. महिन्यातून एकदा मी त्याला विचारते, "या महिन्यात किती घेतलीस?" तो आकडा सांगतो. मी तो मानते.